चेहरा घेऊ नोका

महाल, नागपूर
१२ फेब्रुवारी २०२५

रितिका,

तू मला सगळीकडून ब्लॉक केलं आहेस, म्हणून हे पोस्टानं पाठवते आहे. पुण्याचा पत्ता आपल्या वर्गातल्या अंकुशनं दिला. त्याच्यावर रागावू नकोस, तो देत नव्हता, मीच दोन दिवस त्याच्या मागे लागले होते.

परवा स्पर्धेच्या खेळाला हॉलमध्ये मी शेवटच्या रांगेत बसले होते. तू मला पाहिलंस की नाही, माहीत नाही. फिल्म चांगली झाली आहे, हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं मी जळफळाटानं लिहिते आहे असं तुला वाटणार नाही. शेवटी पडदा काळा झाला आणि पांढरी अक्षरं आली : ‘या फिल्मच्या टीझरमुळे गोपिकाबाई अकरा वर्षांनी आपल्या कुटुंबाला परत मिळाल्या.’ लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. माझ्या शेजारच्या बाई डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, किती चांगलं काम केलं ना या मुलीनं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मग तू मंचावर गेलीस आणि सांगितलंस की गोपिकाबाई तुला योगायोगानं भेटल्या. तुला. योगायोगानं.

म्हणून पहिल्यापासून लिहिते.

सप्टेंबरमध्ये सरांनी वर्गात दोघा-दोघांच्या जोड्या लावल्या. आठ मिनिटांचा माहितीपट करायचा, पण आधी सहा आठवडे रिसर्च, रिसर्चची फाइल मंजूर झाल्याशिवाय कॅमेरा मिळणार नाही. तुला फुटाळा तलावावर फिल्म करायची होती, कारण तिथे संध्याकाळचा उजेड चांगला पडतो. कळमन्याच्या धान्यबाजाराचं मी सुचवलं. माझे बाबा दुकानासाठी डाळ तिथूनच आणतात आणि लहानपणी मी त्यांच्यासोबत जायची. लिलाव आटोपला, पोती उचलली गेली की ओट्यावर सांडलेलं धान्य झाडून गोळा करणाऱ्या पाच-सहा बाया मी तेव्हापासून पाहत आले होते. माती, खडे, काड्या सगळं सुपात घेऊन पाखडायच्या आणि उरेल ते विकायच्या. तू पहिल्या दिवशी नाकाला ओढणी लावून उभी होतीस. धुळीनं तुझा श्वास कोंडत होता, हे खरं आहे, मी टोमणा मारत नाही.

गोपिकाबाई त्यातल्या एक. उंच, खांद्यात जरा वाकलेल्या, चाळिशीच्या आतल्याच पण दिसायला जास्त. पहिल्या तीन खेपांना त्या आपल्याशी बोलल्याच नाहीत. पार्वतीबाई मात्र पहिल्याच दिवशी आपली सगळी कुळकथा सांगून मोकळ्या झाल्या, आणि तू म्हणालीस, हिच्यावरच करू, सोपं पडेल. मी म्हटलं थांब. चौथ्या खेपेला गोपिकाबाईंनी पोतं सरकवून मला जागा करून दिली आणि म्हणाल्या, “बसा वं, उभ्यानं काय पाहता.” त्यांची मुलगी पिंकी नववीत आहे, हे त्या दिवशी कळलं. नवरा काय करतो, असं तू विचारलंस. त्यांनी गळ्यातलं डोरलं पदराखाली ढकललं आणि सुपातले खडे वेचायला लागल्या.

शूटिंगला त्या तयार झाल्या त्या एका अटीवर. तू समोर होतीस, तुला आठवत असेलच.

“हात घ्या, पाय घ्या, झाडू घ्या. आवाज बी घ्या. चेहरा घेऊ नोका.”

दोघीही हो म्हणालो. मी फाइलमध्ये लाल शाईनं लिहिलं. सरांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, चेहराच नसेल तर यात माणूस कुठे आहे?

वीस डिसेंबरला तू टीझर टाकलास. चाळीस सेकंदांचा. एकतिसाव्या सेकंदाला त्यांचा चेहरा येतो. पत्र्यातून ऊन पडलेलं, कोंडा उडतो आहे आणि त्या मान वर करून कुणाकडे तरी पाहून हसतात. सगळ्यांना तोच शॉट आवडला.

अठ्ठावीस डिसेंबरला त्यांचा नवरा कळमन्यात आला. चंपत त्याचं नाव. मौद्याच्या पुढच्या एका गावात राहतो. टीझर त्याच्या पुतण्याच्या फोनवर आला होता. मी तिथे नव्हते, मला पार्वतीबाईंनी सांगितलं. त्यानं हात उचलला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. गळ्यातला दुपट्टा त्यांच्या पायाशी ठेवला आणि ढसाढसा रडला. म्हणाला, माझी बायको आहे, लेकरू घेऊन निघून गेली, अकरा वर्षं शोधतो आहे. हमाल जमले, बाया जमल्या. गोपिकाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की यानं माझा हात मोडला होता. लोक म्हणाले, अकरा वर्षं झाली बाई, माणूस बदलते. पार्वतीबाईसुद्धा म्हणाल्या. त्यांनीच मला हे सांगितलं आणि मग बराच वेळ त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

तेवढ्यात पिंकी आली. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती, ती आईला डबा द्यायला आली होती. तिला लहानपणापासून सांगितलेलं होतं की तिचा बाप मेला. आणि तो समोर उभा राहून रडत होता, तिच्याच नाकाचा, तिच्याच कपाळाचा. तिनं आईला एकच विचारलं, “हे बाबा व्हय का?” गोपिकाबाईंनी तिच्या हातातला डबा घेतला. संध्याकाळच्या बसनं पिंकी त्याच्यासोबत गावी गेली. दोन दिवसांनी गोपिकाबाई तिच्या मागे गेल्या, कारण त्या घरात पोरीला एकटं ठेवायची त्यांची हिंमत झाली नाही.

याला तू ‘परत मिळाल्या’ म्हणतेस.

मला एवढंच विचारायचं आहे. अट तुला माहीत होती ना?

भैरवी


महाल, नागपूर
२७ फेब्रुवारी

रितिका,

उत्तर मला न देता तू अंकुशला दिलंस. तरी त्यानं मला तुझा निरोप ऐकवला. डिपार्टमेंटच्या जिन्यात उभं राहून मी तो तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा त्यानं फोन काढून घेतला.

तू दोनच गोष्टी म्हणालीस. एक, तो चेहरा शूट कुणी केला ते तिला विचार. दोन, नवरा जिवंत आहे हे मला कुणी सांगितलं होतं?

पहिल्या पत्रात मी या दोन्ही गोष्टी गाळल्या होत्या. गाळताना मला कळत होतं.

तर, तो शॉट माझा आहे. चौदा नोव्हेंबर, सोयाबीनची आवक जोरात होती. तू बाजार समितीच्या ऑफिसात परवानगीचा कागद आणायला गेली होतीस. डिपार्टमेंटची लांबची लेन्स त्या दिवशी पहिल्यांदाच हातात आली होती. मी पोत्यांच्या थप्पीच्या आडून कॅमेरा लावला. मनाशी म्हटलं, उजेड कसा येतो तेवढं बघू, नंतर पुसून टाकू. पार्वतीबाई एका अडत्याची नक्कल करत होत्या, पोट पुढे काढून, बोटं उडवत. गोपिकाबाई हसल्या. दोन महिन्यांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मी बटण दाबून ठेवलं.

पुसून टाकलं नाही. घरी आईला दाखवलं. आई म्हणाली, किती मोकळी हसते गं ही बाई. दुसऱ्या दिवशी मी तो शॉट आपल्या सामायिक फोल्डरमध्ये टाकला आणि तुला मेसेज केला, ‘उघडून बघ.’ असा शॉट हाती आल्यावर तू तो वापरणार नाहीस, असं मला वाटलं होतं का? नाही वाटलं. माझ्या हातानं अट मोडायची नव्हती, तुझ्या हातानं मोडली गेली तर चालणार होतं.

आता दुसरी गोष्ट.

ऑक्टोबरमध्ये एके दिवशी तुला त्या पुण्याच्या इंटर्नशिपचा फोन आला आणि तू बोलत बोलत गेटपर्यंत गेलीस. अर्धा तास तरी गेला असेल. गोपिकाबाईंनी बाही वर करून मला कोपर दाखवलं. हात सरळ होत नाही त्यांचा, आपण दोघींनीही ते कधी पाहिलं नव्हतं, आणि आपण म्हणे सहा आठवडे निरीक्षण करत होतो. त्यानं जळणाच्या लाकडानं मारलं होतं आणि तीन दिवस दवाखान्यात जाऊ दिलं नव्हतं. चौथ्या दिवशी तीन वर्षांच्या पिंकीला पाठीशी बांधून त्या धानाच्या ट्रकमध्ये बसल्या. ट्रक कळमन्यात रिकामा झाला, म्हणून त्या कळमन्यात राहिल्या. डोरलं गळ्यात का ठेवता, असं मी विचारलं. म्हणाल्या, ते असलं का कोणी काही पुसत नाही.

“पोट्टीले सांगतलं मी, बाप मेला. तुमी कोनाले सांगू नोका.”

“रितिकाला?”

“त्या ताईले बी नोको.”

हे वाक्य मी दोन महिने ढालीसारखं धरून बसले आहे. त्यांनीच सांगू नका म्हटलं, मग मी काय करणार. पण कहाणी न सांगताही तुला बजावता आलं असतं. चेहऱ्याचा प्रश्न लाजेचा नाही, जिवाचा आहे, इतकं म्हटलं असतं तर तू ऐकलं असतंस. मी म्हटलं नाही. आणि ते त्यांच्या शब्दाखातर नव्हतं, रितिका. ती गोष्ट मला माझ्यासाठी ठेवायची होती. आठ मिनिटांची आपली फिल्म होऊन जाऊ दे, पुढच्या वर्षी मी एकटीनं यावर मोठी करीन, असं माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी मी वेगळी वही केली होती. तुझ्या बॅगेशेजारी माझी बॅग असायची आणि त्या वहीला मी कव्हर घातलं होतं, बाहेरून इतिहासाच्या नोट्स वाटाव्यात म्हणून.

टीझर टाकलास तेव्हा मी तो पहिल्या दहा मिनिटांत पाहिला. एकतिसाव्या सेकंदाला तो शॉट आला. फोन हातातच होता. पण खाली नाव होतं, ‘कॅमेरा : भैरवी’. अमरावतीच्या मामांनी लगेच अंगठा पाठवला. सरांनी पहिल्यांदा माझ्याबद्दल काहीतरी चांगलं लिहिलं. उद्या सांगू, म्हटलं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी तो आला.

एवढं माझं. यातलं काही मी तुझ्या माथी मारणार नाही.

पण चार जानेवारीला कँटीनमध्ये मी तुला हे सगळं सांगितलं होतं, वही सोडून. मोडलेलं कोपर, ट्रक, पिंकी, सगळं. तू रडलीस. टीझर काढते म्हणालीस. मग पुण्याला गेलीस, मला ब्लॉक केलंस आणि ती शेवटची ओळ लिहिलीस. ती लिहिताना तुला सगळं माहीत होतं. ती ओळ तुझी आहे.

फिल्म स्पर्धेतून मागे घ्यावी, असं मी आयोजकांना लिहिणार आहे. पत्राचा मसुदा तयार आहे. पण या वेळी गोपिकाबाईंना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं ठरवलं आहे. पार्वतीबाईंकडून चंपतचा नंबर घेतला आणि मागच्या आठवड्यात फोन केला. तो फार गोड बोलला. या ना मॅडम, म्हणाला. आपलंच घर समजा.

भैरवी


महाल, नागपूर
१८ मार्च

रितिका,

रविवारी जाऊन आले. तुला सांगायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुलाच लिहिते आहे. यातून काही वेगळा अर्थ काढू नकोस.

मौद्यापर्यंत बस, पुढे ऑटो. चंपतराव रस्त्यावर घ्यायला उभे होते, इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. होय, मी त्यांना आता चंपतराव म्हणते. का ते पुढे कळेल. घर पत्र्याचं पण नीटनेटकं आहे. समोरच्या भिंतीवर तोच चेहरा टांगलेला आहे. टीझरमधून काढून, मोठा करून, लॅमिनेट करून आणला आहे. मी शूट केलेली सर्वांत चांगली चौकट त्या माणसाच्या भिंतीवर आहे आणि खाली त्याच्या चपला ठेवलेल्या असतात.

मला खुर्ची दिली. शेजारपाजारचे चार-पाच जण बोलावले. फोनवर टीझर लावला, माझ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगितलं, ह्याच त्या मॅडम. मग म्हणाले, “तुमच्या पिच्चरनं माह्यं घर जोडलं. तुमचे उपकार आहेत आमच्यावर.” एक म्हातारे गृहस्थ उठून मला हात जोडायला लागले. मी उभी राहिले, मीही हात जोडले.

त्यांची एक मागणी आहे. दुसऱ्या फिल्ममध्ये त्यांची मुलाखत घ्यावी. माणूस कसा सुधरते ते सांगीन म्हणाले.

पिंकी दारात नवी सायकल पुसत होती. बापानं घेऊन दिली आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मीच जाऊन जवळ बसले. म्हटलं, शाळा कशी आहे इथली. ती सायकलकडेच पाहत म्हणाली, “तुमाले माहीत होतं ना, बाबा जित्ते आहेत?”

“हो.”

“मंग तुमी बी तिच्याच सारख्या.”

मी उठून मागच्या अंगणात गेले. गोपिकाबाई टाकीपाशी कपबशा विसळत होत्या. त्यांनी मला पोहे दिले होते, चहा दिला होता, या बसा केलं होतं, सगळ्यांसमोर हसूनसुद्धा बोलल्या होत्या. मागे आल्यावर तोंडावरचं ते सगळं गेलं. मी शेजारी बसून पाणी घालायला लागले आणि हळूच सांगितलं, बाई, मी ती फिल्म मागे घेते आहे, कुठेच दाखवू देणार नाही.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

“काढू नोका.”

मला वाटलं त्यांना नीट कळलं नाही. मी सांगितलं की फिल्मच्या शेवटी एक ओळ आहे, तुमचं सगळं चांगलं झालं असं लिहिलं आहे, ती खोटी आहे.

“मले माहीत हाय. पिंकीनं वाचून दाखवली.” त्या पुन्हा कप घासायला लागल्या. “खोटी हाय म्हनूनच राहू द्या. लोकं पाहाले येतेत, त्याले चांगलं म्हनतेत. त्या चांगल्याले तो भेऊन राहते. तुमचा फोन आला होता ना, तो हप्ता चांगला गेला. मंग कोनाचाच नाही आला.”

घासत होत्या डाव्या हातानं. उजवा हात पदरात होता आणि मी असेपर्यंत पदरातच राहिला. मी दाखवा म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पाहायचा हट्ट मी धरला नाही.

मी म्हटलं, आत्ता चला. ऑटो बाहेर उभा आहे, पिंकीला घेऊ आणि जाऊ. माझ्या घरी राहा, आई काही म्हणणार नाही.

“पोट्टी नाही येत,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्सं तिले बाप नव्हता. आता भेटला तर पाहू द्या तिले. मी सांगतलेलं तिले खोटंच वाटन. तिचं तिनं पाहालं पाहिजे.” मग घराकडे नजर ठेवून त्यांनी भराभर सांगितलं. सगळं ठरवून ठेवलेलं होतं, त्या फक्त माझी वाट पाहत होत्या. पिंकी जूनमध्ये दहावीला जाईल. तिला नागपूरला मुलींच्या होस्टेलमध्ये टाकायचं. नाव त्यानं गावच्या शाळेत घातलं आहे, पालक म्हणून सही त्याची लागेल. बायको म्हणेल तर तो करणार नाही, पिच्चरवाल्या मॅडम म्हणतील तर नाही म्हणणार नाही.

“आणि तुम्ही?”

“ती भाईर पडली का मी मोकळी. रस्ता मले माहीत हाय.”

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मला माझं काहीतरी हलकं करून घ्यायचं होतं. मी म्हटलं, तो शॉट मीच घेतला होता, पोत्यांच्या आडून, मला माफ करा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर मी ते सोबत घेऊन आले असते, काहीतरी मिळालं असतं.

“हात घ्या म्हटलं होतं मी तुमाले. आवाज घ्या म्हटलं. सगळंच देल्लं होतं, एक सोडून.”

आणि कपबशांचं तबक उचलून आत गेल्या.

निघताना चंपतरावांनी फोटोचा आग्रह धरला. तिघंजण दारात उभे राहिले, पिंकी मध्ये. मी फोन वर केला. ते गोपिकाबाईंना म्हणाले, “हास वं. पिच्चरमंदी हासली होती तशी हास.”

त्या हसल्या. मी फोटो काढला. त्यांनी तो लगेच मागितला, मी पाठवला.

बसमध्ये खिडकीशी बसले होते. मौदा सुटलं, वीजकेंद्राची धुराडी मागे गेली आणि मला उलटी झाली. कंडक्टर चांगला होता, पाणी दिलं.

भैरवी


महाल, नागपूर
२ एप्रिल

रितिका,

तुझं पत्र मिळालं. हातानं लिहिलेलं पाहून आश्चर्य वाटलं. शेवटची ओळ काढून टाकते, फिल्मही मागे घेते, तू म्हणशील तसं, असं लिहिलं आहेस. दोन महिन्यांपूर्वी हे आलं असतं तर मी तुला फोन करून रडले असते.

आता माझी विनंती आहे की काढू नकोस.

मी माझा मसुदा फाडला. ती ओळ जशी आहे तशी राहू दे. जूनपर्यंत फिल्म जिथे जिथे दाखवता येईल तिथे दाखव. बक्षीस मिळालं तर बातमीत चंपतरावांचं नाव येईल असं बघ आणि कात्रण त्यांना पाठव, ते भिंतीवर लावतील. जितके जास्त लोक त्यांना चांगला माणूस म्हणतील तितकं त्या घरात बरं राहील. हे मला पटलेलं नाही. त्या बाईला पटलं आहे आणि आपण दोघींनी एकदा तिचं ऐकलं नव्हतं.

मी इकडे काय केलं ते सांगते. सदरजवळच्या एका होस्टेलच्या बाईंना भेटले, जागा आहे म्हणाल्या, फॉर्म आणला आहे. चंपतरावांना फोनवर सांगितलं की फिल्ममुळे पिंकीला सवलतीत जागा मिळते आहे, मोठे लोक शिफारस करत आहेत. असे मोठे लोक कुणी नाहीत. ते खूश झाले, सही करतो म्हणाले. महिलांच्या तक्रारी घेणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांनाही भेटून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं आणि सांगितलं की बाईंनी स्वतः नाही म्हटलं असेल तर आज मी दारात गाडी नेणार नाही, पण ज्या दिवशी कळवाल त्या दिवशी येईन. त्यांचा नंबर पार्वतीबाईंकडेही दिला आहे. पार्वतीबाई आता दर आठवड्याला विचारतात, फोन केला का. मला वाटतं त्यांना झोप लागत नसावी.

तुझ्याकडून मला एकच काम हवं आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी फोन तू करायचा, तिसऱ्या रविवारी मी. मधल्या एका रविवारी अंकुश करील, तो तयार आहे. येत्या सहा तारखेला पहिला रविवार आहे. सकाळी दहाच्या सुमारास कर, तेव्हा ते घरी असतात. आधी त्यांची चौकशी कर, मुलाखतीचं नक्की करू म्हणून सांग, तारीख देऊ नकोस. मग पिंकीचा अभ्यास विचार. मग सहज म्हण, बाईंना द्या ना फोन, आवाज ऐकावासा वाटतो. दिला नाही तर त्याच क्षणी मला कळव, मी पार्वतीबाईंना घेऊन निघते. दिला तर जास्त बोलू नकोस, त्या शेजारी कुणी असताना बोलतात. फक्त त्यांचा आवाज कसा आहे ते नीट ऐक. आपण तो सहा आठवडे रेकॉर्ड केला आहे, आपल्याला फरक कळायला हवा.

मागच्या रविवारी मी केला होता. त्या म्हणाल्या, सगळं बरं हाय. दोनदा म्हणाल्या. मग पिंकीनं स्वतःहून फोन घेतला आणि विचारलं, होस्टेलचं खरं आहे का. कधीपासून येता येईल. मी जून म्हटलं तर म्हणाली, त्याच्या आधी नाही का होत? मी विचारलं, का गं. तिनं फोन ठेवून दिला.

पुढे तू लिहिलं आहेस, आपण पुन्हा पूर्वीसारख्या बोलायला लागू का. नाही. हे काम संपेपर्यंत आपल्याला एकमेकींची गरज आहे, तेवढं पुरे. नंतरचं मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तुझ्यापेक्षा मला माझ्याच तोंडाकडे जास्त वेळ पाहवत नाही.

चंपतरावांचा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवला आहे. नाव घेताना ‘जी’ लाव, त्यांना आवडतं. आवाज गोड ठेव. तुला ते जमतं. मलाही आता जमायला लागलं आहे.

भैरवी